मर्लची चिमूट

टॅनर्स क्रीकमधलं सोनं १८९१ सालीच संपलं होतं, पण गावाने ते अजून मनावर घेतलं नव्हतं. गुत्ता, लोहाराची भट्टी, फाशीचा खांब, सगळं पर्यटकांसाठी रंगरंगोटी करून उभं होतं. तिकीट काढून आलेली माणसं ओढ्याकाठच्या लाकडी हौदातली वाळू थाळीत घोळवून सोनं शोधत. ते सापडायचंच, कारण रोज फाटक उघडण्याआधी मर्ल ट्रेलोअर मोहरीच्या जुन्या बाटलीतून चिमूटभर सोन्याची कणी त्या वाळूत मिसळायची. एकोणीस वर्षं तिचं हेच काम. लहान मुलं उभी राहतात त्या कोपऱ्यात ती हात जरा सढळ सोडायची.

गावसमितीचा अध्यक्ष क्लाइव्ह पेंगेली शाळेत तिच्याच वर्गात होता. हौदावर वाकून पाहुण्यांची कणी दाताखाली धरायची आणि अस्सल आहे म्हणून जाहीर करायचं, हा त्याचा रोजचा खेळ. ओढ्याच्या पोटात अजून सोनं आहे, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्याला स्वतःलाच ते पटलं.

मंगळवारी ॲडलेडच्या एका निवृत्त मास्तरणीच्या थाळीत वाटाण्याएवढा सोन्याचा गोळा आला. मर्लच्या बाटलीत असलं काही कधीच नव्हतं. गाव हुरळून गेलं. दोघांनी परसात खड्डे खणले, त्यातल्या एकाला सांडपाण्याचा नळ लागला. समितीने त्याच दिवशी ठरवलं, ओढा आपण होऊन सोनं देतोय, तेव्हा सोमवारपासून मर्लची गरज नाही.

मर्लच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गारठलेल्या हातांनी या गावाची अब्रू राखली ती तिने, आणि श्रेय मात्र ओढ्याला. शिवाय या वयात तिला दुसरं काम कोण देणार होतं?

शनिवारी त्या गोळ्याच्या कौतुकाचा समारंभ होता. मर्लकडे चहाची किटली दिली होती. मास्तरणीने कौतुकाने गोळा तिच्या तळहातावर ठेवला. मर्लने तो उलटा केला. हौदातली वाळू ओढायच्या फावड्याने चेपला होता, पण आतून पोकळ होता, आणि पोकळीत पांढरं सिमेंट चिकटलेलं होतं. मग तिला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी क्लाइव्हच्या दाढेवरची सोन्याची टोपी नाहीशी झाली होती. ती टॉफीबरोबर गिळली, असं त्याने बायकोला सांगितलं होतं आणि बायकोने गावाला. खरं तर कणी चावताना ती हौदातल्या वाळूत पडली होती.

फोटोवाल्याने क्लाइव्हला गोळा चावायला सांगितलं. तो देताना मर्ल त्याच्या कानाशी वाकली.

"डाव्या बाजूने चाव, क्लाइव्ह. तिकडचीच आहे ती."

"काय तिकडची?"

"तुझी टोपी. आत बघ."

क्लाइव्हने आत पाहिलं. त्याची जीभ गालात डावीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"कुणाला सांगितलंस?" त्याने हळूच विचारलं.

"अजून नाही. सोमवारपासून मला सुट्टी आहे ना, तेव्हा वेळच वेळ मिळेल."

क्लाइव्हने माइक घेतला. इतका मौल्यवान गोळा चावणं बरं नव्हे, असं तो म्हणाला. मग मर्लबाईंच्या एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल तो इतकं भरभरून बोलला की समितीला ठराव मागे घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

सोमवारी मर्ल बाटली घेऊन हौदाशी होती. पहिल्या पाहुण्याला कणी सापडली. क्लाइव्हने ती चार हातांवरूनच पाहिली आणि अस्सल आहे म्हणून सांगितलं.