डचेस खाली गेली

"अरे, जरा खोल खण की! शेजारच्या मांजरानं उकरून काढली तर मर्लला काय तोंड दाखवशील?" नेव्ह हॉकिंग म्हणाला. त्याच्या एका हातात बिअरचा कॅन होता आणि दुसऱ्या बगलेत बुटांचा खोका.

लिंडसे ट्रेम्बाथनं मान वर केली नाही. तोंड दाखवण्याचाच तर प्रश्न होता. आधी त्यानं लिंबाच्या झाडाखाली खणायचा प्रयत्न केला होता. मर्लला, त्याच्या बायकोला, तीच जागा आवडली असती. पण रात्री हिम पडून जमीन अशी काही आवळली होती की फावडं नुसतं टणटण वाजलं आणि म्हाताऱ्याच्या कंबरेत कळ आली. मग तो मुकाट्यानं कुंपणाच्या कोपऱ्यात आला. तिथं पाला, भाज्यांची सालं, चहाचा चोथा कुजत घातलेला होता आणि ढिगाशेजारची माती लोण्यासारखी मऊ होती. बायकोच्या लाडक्या प्राण्याला आपण कचऱ्याशेजारी पुरतोय, तेही कंबर वाचवायला म्हणून, हे त्याला पुरतं कळत होतं. तरी त्यानं तिथंच खणलं.

खोक्यात डचेस होती. मर्लनं पाळलेल्या दोन दाढीवाल्या सरड्यांपैकी ही मादी, हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची झालर. लिंडसेनं तिला आपल्या फुटबॉल संघाच्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळलं होतं. घरात त्याच्या मालकीचं त्याहून चांगलं काही नव्हतं.

"दोन शब्द बोल," नेव्ह म्हणाला.

"काय बोलू?"

"कायतरी बोल लेका. आम्ही कुत्र्यालासुद्धा बोललो होतो."

लिंडसे खड्ड्याकडे बघत राहिला. "माफ कर गं बाई," तो म्हणाला. नेव्हला हसू आलं होतं, पण मित्राचा चेहरा बघून त्यानं ते बिअरबरोबर गिळून टाकलं.

आता झालं होतं काय, तर मर्ल मागच्या दाराच्या गोठलेल्या पायरीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि चालायला शिकवण्यासाठी तिला गावाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या रुग्णालयात ठेवून घेतलं. स्ट्रेचरवरून जातानाही बाई नवऱ्याला बजावत होती. "थंडी आहे, दिवा रात्रंदिवस चालू ठेवायचा. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला सावली. त्यांना हवं तिथं ते आपापले जातात. तू फक्त दिवा विसरू नकोस. विसरशील का?"

"अगं, मी बॉयलर सांभाळलेला माणूस आहे!" लिंडसे म्हणाला होता, आणि स्ट्रेचर ढकलणारी मुलंही हसली होती.

खरंच होतं ते. लोकरीच्या गिरणीत त्यानं उमेदीची सगळी वर्षं बॉयलरपुढे घालवली. गिरणी बंद पडेपर्यंत त्याच्या पाळीत आग कधी विझली नाही, आणि हे तो दारू प्यायला की हमखास सांगायचा. असा माणूस एका सरड्यासमोरचा दिवा सांभाळू शकणार नाही, हे कुणाला खरं वाटेल?

आणि दिवा तरी केवढा! सरडे राहायचे ते घर मर्लनं स्वतः केलं होतं. गावातली जुनी बेकरी बंद झाली तेव्हा तिथलं काचेचं लांबलचक कपाट तिनं मागून आणलं, मध्ये ये-जा करायला फट ठेवून लाकडी फळी घातली आणि त्याच्या दोन खोल्या केल्या, एक उन्हाची, एक सावलीची, वाळू भरली, ओंडके ठेवले. बैठकीची अख्खी भिंत त्या कपाटानं खाल्ली. "राजवाडा," लिंडसे म्हणायचा. "आमच्या झोपायच्या खोलीत हीटर नाही, पण राणीसाहेबांना उन्हाळा बारा महिने." एवढं मोठं कपाट ऊबदार ठेवणं सोपं नव्हतं. मर्ल सारखी काचेला हात लावून बघायची, दिवा वर-खाली करायची, फटीत चिंध्या कोंबायची. लिंडसे समोर खुर्चीत बसून टीव्ही बघायचा. आपली बायको आपल्यापेक्षा सरड्यांकडे जास्त बघते, असं त्याला वाटायचं, आणि सरड्यांचा हेवा करतो म्हणून स्वतःची लाजही वाटायची. म्हणून तो थट्टा करायचा.

ती गेल्यावर पहिले काही दिवस त्यानं दिवा अगदी इमानानं चालू ठेवला. डचेस खात नव्हती, थंड बाजूच्या पोकळ ओंडक्यात तोंड खुपसून बसली होती, पण मालकीण नाही म्हणून रुसली असेल, असं त्यानं धरलं. मग शनिवारी नेव्ह मॅच बघायला आला.

"अरे, तो तुझा सूर्य बंद कर की! पडद्यावर काही दिसेना झालंय," नेव्ह म्हणाला, आणि लिंडसेनं खटकन बटण दाबलं.

त्यांचा संघ जिंकला. दोघे नाचत पबमध्ये गेले. दिवा आठवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीवर हिम साचलेलं दिसलं तेव्हा.

त्यानं धावत जाऊन दिवा लावला. फळीच्या अलीकडे दुसरा सरडा, विली, काळवंडून बसला होता. तो हळूहळू पिवळा झाला, हलला, आणि तोऱ्यात दगडावर चढला. डचेस मात्र ओंडक्यातून बाहेर आलीच नाही. लिंडसेनं हात घालून तिला काढलं तर मान लुळी पडली, पाय लोंबले, अंग दगडासारखं गार. त्यानं हाक मारली, पाठीवर बोट फिरवलं. काही नाही. नेव्हला बोलावलं. नेव्हनं तिला उचलून बघितलं, खाली ठेवलं आणि टोपी काढली. "गेली रे," तो म्हणाला.

तेव्हापासून लिंडसे रुग्णालयात गेला नाही. आधी रोज दुपारी जायचा. आता रोज फोन करायचा आणि रोज नवं कारण. थंडीनं गाडीच चालू होत नाही. मग सर्दी झालीय, वॉर्डात कशाला आणू. मग पुन्हा गाडी. मर्ल शेवटी सरड्यांचं विचारायचीच, "पोरं कशी आहेत?" आणि तो म्हणायचा, "मजेत आहेत." फोन ठेवला की खुर्चीत बसून राहायचा. समोरच्या कपाटात एकटा विली उन्हात पडलेला असायचा. त्याच्याकडे बघायलासुद्धा लिंडसेला लाज वाटायची. त्यानं खुर्ची फिरवून घेतली, तर टीव्ही दिसेना. मग त्यानं टीव्हीच लावायचं सोडून दिलं.

एके दिवशी दुपारी मात्र मर्लनं फोनवर पोरांचं विचारलंच नाही.

"ऐकतेयस ना? सर्दी जरा उतरली की येतोच," तो म्हणाला.

"लिंडसे, तुला यायचं नसेल तर नको येऊस," ती म्हणाली. "पण सर्दीची थाप नको मारूस. आवाज अगदी खणखणीत आहे तुझा."

खुर्चीचा हात घट्ट धरून तो म्हणाला, "मर्ल, डचेस गेली."

"खाली गेली?"

तो दचकला. मातीखाली गेली, हे हिला कसं कळलं? नेव्ह बोलला वाटतं. "हो, खालीच," तो पुटपुटला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? दर हिवाळ्यात जाते की ती!" मर्ल चक्क हसली. "मी म्हणतच होते, यंदा उशीर कसा झाला. बरं झालं. जाऊ दे खाली. ओंडक्यातून काढू नकोस हं. खाणं नको, दिवा नको, काही नको, वसंतात उठेल आपली आपण."

लिंडसे ताडकन उभा राहिला. "उठेल?"

"अरे, झोपते ती! खाली जाणं म्हणजे हिवाळ्याची झोप. आम्ही सरडेवाले तसंच म्हणतो. हाताला गार लागते, मान टाकते, अगदी मेल्यासारखी. पहिल्या वर्षी मीच रडले होते, तुला आठवत नाही? दर वर्षी मी तुला सांगते, डचेस खाली गेली, टीव्हीचा आवाज कमी कर. आणि तू करतोसही."

करत होता खरा. इतकी वर्षं करत होता. बायको म्हणतेय म्हणून बटण दाबायचं, एवढंच. कोण खाली गेलं, कुठं गेलं, कशाला गेलं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"लिंडसे? अरे, बोल की!"

पण फोन खुर्चीत पडला होता आणि लिंडसे पायांत सपाता घालून परसात पोचला होता.

फावडं तिला लागेल म्हणून त्यानं हातांनीच उकरलं. वरची माती गोठलेली होती, ती नखांनी खरवडली. आत हात गेला तसा तो थबकला. माती गार नव्हती. ढिगाऱ्याच्या बाजूनं तर चक्क कोमट होती. कुजत्या पाल्याची ऊब होती ती, दुभत्या जनावराच्या अंगाला असते तशी. खोका ओला होऊन मऊ पडला होता. मफलर उलगडला. डचेस तशीच होती, डोळे मिटलेले, मान लुळी, तोंडाच्या फटीत मातीचे कण.

जिवंत की मेलेली? एकदा तो याबाबतीत पुरता फसला होता. गावात हे सांगू शकेल असं एकच माणूस त्याच्या ओळखीचं होतं, आणि नेमकं त्याच माणसापुढे उभं राहायची त्याच्यात हिंमत नव्हती. तरी त्यानं शर्टाची बटणं काढली, मफलरसकट तिला छातीशी आत घेतलं, वरून कोट चढवला आणि गाडीत बसला. गाडी एका फटक्यात चालू झाली, आणि ते ऐकूनसुद्धा त्याला शरम वाटली.

मर्ल खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, पुढ्यात चालायचा वॉकर. तिनं त्याच्याकडे बघितलं. सपाता, मातीनं भरलेली विजार, कोटाच्या आत काहीतरी फुगलेलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "काय केलंस तू?"

"मी तिला पुरलं, मर्ल." त्यानं एका दमात सांगून टाकलं, कारण थांबला असता तर जमलं नसतं. "मॅचसाठी दिवा बंद केला आणि विसरलो. मला वाटलं, माझ्या हातून मेली. म्हणून पुरलं. कचऱ्याच्या ढिगाशेजारी. जमीन कडक होती."

मर्लनं हात पुढे केले. त्यानं मफलर तिच्या मांडीवर ठेवला. तेवढ्यात दारातून नर्स आत डोकावली, तशी मर्लनं चटकन गुडघ्यांवरची शाल वर ओढली. "काही नको गं, राणी. नवरा आलाय माझा." नर्स गेली. मर्लनं शाल बाजूला केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि सरडीच्या कुशीवर नजर लावली.

"हलत नाहीये," तो म्हणाला.

"गप्प बैस. तिला घाई नसते."

तो पलंगाच्या कडेला टेकला. समोरच्या पलंगावरची म्हातारी झोपेत काहीतरी बडबडली. कुठूनसा चहाच्या गाडीचा आवाज आला आणि लांब गेला. मर्ल बघतच होती. आणि मग डचेसची कूस उचलली, जेमतेम उचलली आणि खाली बसली. बऱ्याच वेळानं पुन्हा उचलली. मर्लनं तिच्या तोंडावर हलकेच फुंकर घातली, तसा एक डोळा अर्धवट उघडला. त्या डोळ्यानं लिंडसेकडे पाहिलं, अगदी सावकाश पाहिलं, आणि तो पुन्हा मिटला.

लिंडसेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"दिव्यानं नाही झालं काही," मर्ल म्हणाली. "ती जायचीच होती. पण विली जागा होता, तो मेला असता, कळतंय ना?"

"कळतंय."

"म्हणून आला नाहीस इतके दिवस?"

"हो. कुठल्या तोंडानं येणार होतो?"

"मला वाटलं..." ती थांबली. मग समोरच्या पलंगाकडे मान वळवून हळूच म्हणाली, "हिचा नवरा पहिल्यांदा रोज यायचा. फुलं आणायचा. मग एकेक कारण सांगत यायचा बंद झाला. आता ही रोज विचारते, गाडी दुरुस्त झाली का."

सरडी पुरल्याची लाज त्याला वाटत होती, पण हे तर त्याच्या मनातही आलं नव्हतं. इतके दिवस तो स्वतःच्याच तोंडाचा विचार करत बसला होता, आणि ही इथं खिडकीतून गाड्या मोजत होती.

"मूर्ख आहे मी," तो शेवटी म्हणाला.

"आहेसच. ढिगाशेजारी पुरलंस म्हणून वाचली. लिंबाखाली पुरली असतीस तर गोठून मेली असती." ती हसायला लागली, खुब्यात कळ आली तशी "आई गं" म्हणाली, आणि डोळे पुसत पुन्हा हसली. "कामचोर कुठला."

मग तिनं शेजारचा पाण्याचा पेला ओढला, टॉवेलचं टोक भिजवलं आणि डचेसच्या तोंडातली, डोळ्यांच्या कडेची, काट्यांमधली माती हळूहळू टिपून काढली. तिला मफलरमध्ये नीट गुंडाळून मांडीवर ठेवलं. "घरी नेलंस की थंड बाजूच्या ओंडक्यात ठेव. आणि टीव्हीचा आवाज कमी."

"लावतच नाही मी टीव्ही," तो म्हणाला.

मर्लनं त्याच्याकडे बघितलं. मग त्याचे हात बघितले. नखं फुटली होती, त्यांच्या आत काळी माती बसली होती, आणि एका बोटातून रक्त आलं होतं. त्यानं हात पाठीमागे घ्यायला बघितलं.

"आण इकडे," ती म्हणाली.

तिनं टॉवेलचं दुसरं टोक भिजवलं, त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि एकेका नखातली माती काढायला सुरुवात केली. लिंडसे मान खाली घालून बसून राहिला. एक हात झाला, तेव्हा त्यानं न सांगता दुसरा पुढे केला.