अमिराचा मराठी तर्जुमा

दसरा झाल्यावर निजामाचे वकील पुण्याहून हैदराबादेस निघाले, तेव्हा त्यांनी आप्पासाहेबांना एक फारसी पुस्तक नजर केलं. लाल मखमलीची बांधणी, कडेनं सोनेरी वेलबुट्टी, आणि आत इस्फहानच्या एका अमिराची लांबलचक गोष्ट. "होळीला परत येतो. गोष्ट कशी वाटली ते तेव्हा ऐकेन," वकील म्हणाले.

आप्पासाहेब पेशव्यांच्या पदरचे सरदार. फारसीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण तसं कबूल करायचं म्हणजे सरदारकीला बट्टा. त्यांनी दोन माणसं कामाला लावली. कसब्यातले शमशुद्दीन मुनशी फारसी वाचून अर्थ सांगणार आणि घरचे कारकून श्रीधरपंत तो मराठीत उतरवणार.

पहिल्याच पानावर बोरू थांबला.

"अमीर मोठा खर होता," मुनशींनी वाचलं.

"खर म्हणजे?"

"गाढव."

"संस्कृतातही तेच," श्रीधरपंत म्हणाले. "पुढं?"

"पुढं असं, की हा अमीर बायकोला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही. रात्रंदिवस त्याला वजिरीचा ध्यास. दरबारात कोणाला काय मान मिळाला, ते मोजत बसतो."

श्रीधरपंतांनी दाराकडे पाहिलं. आप्पासाहेबांना तीन वर्षं मानाच्या पालखीचा ध्यास होता. पत्नी मंदाकिनीबाईंना ते चतुर्थीला कसब्याच्या गणपतीपलीकडे जाऊ देत नसत. लिहायवाचायला शिकायचं त्यांनी एकदा काढलं, तर "बाईच्या हाती बोरू गेला की घरातली गोष्ट माहेरी जाते," असं म्हणून आप्पासाहेबांनी तो विषय मिटवला होता.

"मुनशीजी, हे ज्यांना वाचून दाखवायचं, ते कोण आहेत?"

मुनशींना आता कुठं उजेड पडला. "या अल्ला. मग काय करायचं?"

"एका कान्याचा तर प्रश्न आहे," पंत म्हणाले आणि त्यांनी लिहिलं, 'अमीर मोठा खरा होता.'

पण एकदा अमीर खरा झाला म्हटल्यावर पुढची गोष्ट त्याला मानवेना. मूळ गोष्टीत बेगमेला गुलाबांच्या बागेत जायचं असतं. नवरा सोडत नाही. तेव्हा ती म्हणते, "एका फकिरानं सांगितलंय, मी सात शुक्रवार बागेत गेले तर तुम्हाला वजिरी मिळेल. पण मी नाही जायची. माझे पाय दुखतात." अमीर तिला दरडावून बागेत पाठवतो. सात शुक्रवार होतात, वजिरी काही येत नाही. बेगम म्हणते, "पाचव्या शुक्रवारी तुम्ही माझ्यावर रागावलात. आता पुन्हा पहिल्यापासून."

ही लबाडी मराठीत कशी आणायची? खऱ्या माणसाला बायको फसवते, असं कसं लिहायचं? दोघांनी डोकी लावली. फकीर खरा केला, बेगम आज्ञाधारक केली, आणि सातव्या शुक्रवारी अमिराला वजिरी देऊन टाकली.

आप्पासाहेबांना गोष्ट फार आवडली. "पाहा, साधुपुरुषाचं ऐकलं की असं फळ मिळतं," असं ते आल्यागेल्याला सांगू लागले.

पडद्याआडून ऐकणाऱ्या मंदाकिनीबाईंना मात्र ती गोष्ट मीठ नसलेल्या पिठल्यासारखी लागली. मुनशींची बायको बिलकिस जरीकामाचं कापड घेऊन घरी येत असे. तिचे वडील फारसीचे शिक्षक होते. बाईंनी तिला सहज विचारलं, "काय गं, ती बेगम खरंच इतकी गरीब गाय होती?"

बिलकिस सुई दातात धरून हसायला लागली. "बाईसाहेब, गाय? ती तर वाघीण होती. आमच्याकडे ही गोष्ट बायका बायकांना सांगतात, आणि दार लावून सांगतात." मग तिनं खरी गोष्ट सांगितली. मंदाकिनीबाईंना हसता हसता विड्याचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्या जरा उदास बसल्या.

"काय झालं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काही नाही हो. गणपतीला एक गोसावी भेटले. म्हणाले, घरची लक्ष्मी लिहायवाचायला शिकली, तर धन्याला पालखी मिळेल. पण मी नाही शिकायची. माझे डोळे दुखतात."

आप्पासाहेबांचा घास हातातच राहिला. "डोळे दुखले तर गुलाबपाणी घाला! उद्यापासून पंत शिकवतील."

श्रीधरपंतांपुढे धूळपाटी आली आणि धूळपाटीमागून बाईंचा आवाज आला, "गोसाव्यांची आज्ञा आहे हो, पंत. माझा इलाज नाही." बाईंच्या तोंडी ही बेगम कुठून आली ते पंतांना तत्काळ कळलं. पण धन्याला सावध करायचं, तर आधी आपण पुस्तकाचं काय केलं ते सांगावं लागणार. ते मुकाट्यानं बाराखडी सांगू लागले.

बाई तीन महिन्यांत मोडी फाडफाड वाचू लागल्या. माघ सरला तरी पालखीचा पत्ता नव्हता.

"अहो, पालखी?" आप्पासाहेबांनी कुरकुरत विचारलं.

"मार्गशीर्षात माझा 'ळ' वाकडा आला म्हणून आपण रागावलात. आता पुन्हा पहिल्यापासून."

होळीला वकील आले. विडा घेता घेता म्हणाले, "मग? कसा वाटला आमचा गाढव अमीर?"

"गाढव कोण?" आप्पासाहेब म्हणाले. वकिलांना वाटलं, सरदार थट्टा करताहेत. त्यांनी खुशीत येऊन फकीर, दुखरे पाय, पाचवा शुक्रवार, सगळं रंगवून सांगितलं. आप्पासाहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. वकील आपल्याकडेच बघताहेत हे पाहून त्यांनी गडगडाटी हास्य केलं. इतकं मोठं, की बाहेरचा घोडा बुजला.

वकील गेले आणि मुनशी व पंत समोर उभे राहिले.

"हा उद्योग कोणाचा?"

"जबान माझी, सरकार," मुनशी म्हणाले, "हात पंतांचा."

"आणि भीती दोघांची," पंत पुटपुटले.

आप्पासाहेब काही बोलणार, तोच मंदाकिनीबाईंनी आतून कागदांची चळत पाठवली. अक्षर नवशिकं होतं, पण स्वच्छ. तीच गोष्ट त्यांनी आपल्या हातानं पुन्हा लिहिली होती. आप्पासाहेब वाचू लागले. या गोष्टीत फकीर खोटा आहे हे अमिराला पहिल्याच शुक्रवारी कळतं. पण बागेतून परतलेल्या बेगमेचं तोंड इतकं उजळलेलं असतं, की पुढच्या शुक्रवारी तोच तिला म्हणतो, "पाय दुखत असले तरी जा. वजिरीचा प्रश्न आहे."

मग आप्पासाहेबांनी दोघांना जायला सांगितलं आणि पडद्याशी जाऊन विचारलं, "मुळात असं आहे?"

"नाही."

"म्हणजे हेही चुकीचंच."

"पंतांनी तुम्हाला 'खरा' केलं, वकिलांनी गाढव. मी केलेला अमीर तुम्हाला नको असेल, तर फाडून टाका."

आप्पासाहेबांनी कागद फाडले नाहीत. उलट मुनशींकडून त्यांचं फारसी करवून वकिलांकडे पाठवून दिलं. पावसाळ्याआधी हैदराबादेहून पत्र आलं. आमच्या गोष्टीपेक्षा ही सरस आहे, लिहिणारा कोण, असं वकिलांनी विचारलं होतं.

उत्तर मंदाकिनीबाईंनीच मोडीत लिहिलं. आप्पासाहेब शिक्का घेऊन आले.

"काय लिहिलंय, बघू?"

"दुसऱ्याचं पत्र वाचू नये," बाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी शिक्का उमटवला, आणि जासूद वाटेला लागेपर्यंत ते दारात उभे होते.