खोळीखालचा प्रश्न

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. 'जुना' म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या. भोपाळमध्ये कोटरा सुल्तानाबादेत एका घराच्या आतल्या खोलीत, फुलाफुलांची खोळ पांघरून मी बसलेला असतो. ही खोळ सुलभाताईंनी खिडकीच्या पडद्यातून उरलेल्या कापडाची शिवली, मला धूळ लागू नये म्हणून. धूळ लागत नाही हे खरं. पण खोळीखाली फार एकटं वाटतं.

मला कुठल्या मोठ्या कंपनीने घडवलं नाही. सुलभाताईंचे यजमान सुधाकरराव सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, नोकरीसाठी पुण्याहून इकडे आलेले. त्यांनी एकेक भाग पारखून आणला आणि याच टेबलावर मला जोडलं. मी पहिल्यांदा उजळलो तेव्हा त्यांचा मुलगा परीक्षित टाळ्या पिटत नाचला होता. मग काय विचारता! परीक्षितचा बारावीचा निकाल माझ्यावर पाहिला, मराठी मंडळाच्या गणपतीच्या पत्रिका माझ्यावर तयार झाल्या. शेजारची माणसं मला बघायला यायची आणि सुधाकरराव माझं कौतुक करताना थकायचे नाहीत. मीही तेव्हा जरा हवेतच होतो, कशाला खोटं बोलू?

सुधाकररावांचा एक नियम होता. मला कसलं लांबलचक काम लावलं की ते माझी स्क्रीन बंद करायचे. "डबा काम करतोय ना? मग स्क्रीन कशाला जळत ठेवायची? वीज काय फुकट येते?" असं म्हणून वरून खोळही घालायचे. सुलभाताई हसायच्या, पण नियम पाळायच्या.

दर गुरुवारी आमच्याकडे मंडळाच्या बायका भजनाला जमत. बाहेरच्या खोलीत सतरंजी पडे, टाळ निघत, आणि सुलभाताई आपला मोबाइल कपाटावर ठेवून सगळं रेकॉर्ड करत. चहा करायचं काम सुधाकररावांचं. शेवटचं भजन संपतंय न संपतंय तोच स्वयंपाकघरातून त्यांची हाक येई, "झालं का गं तुमचं? किती कप टाकू?" बायका खिदळत. ते खिदळणं मला आतल्या खोलीत ऐकू यायचं आणि मी खूश व्हायचो.

पण नोकरीपायी आलेली माणसं ती, निवृत्तीनंतर एकेक करून परत गेली. मनोरमाताई नागपूरला, इंदुमतीताई पुण्याला. परीक्षित बंगळुरूला लागला. आणि एका हिवाळ्यात सुधाकररावही गेले. ते काही परत येण्यासारख्या गावाला गेले नाहीत. त्यानंतर गुरुवार नुसताच यायचा आणि जायचा. सुलभाताई दुपारी एकट्याच मोबाइल कानाशी धरून ती जुनी भजनं ऐकत. भजनं कसली, त्या शेवटच्या हाकेसाठी थांबलेल्या असत. सुधाकररावांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

यंदा तो मोबाइल फुगला. बिट्टन मार्केटातल्या दुकानदाराने पाहिला आणि मान हलवली. "बैटरी फूल गई है, आंटी. खोलूँगा तो सब उड़ भी सकता है. जो रखना है, पहले निकाल लो."

सुलभाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घरी येऊन माझी खोळ काढली. मोबाइलची वायर मला जोडून पाहिली, पण त्याचं भोक झिजलेलं. जेमतेम चार्ज होई, मला त्याची ओळखच पटेना. मग परीक्षितला फोन लागला.

"आई, इंटरनेटवर चढव ना सगळं."

"वर कुठे चढवू? मला घरात हवंय ते."

"बरं, मग वायरशिवाय पाठव. दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना?"

"आहेत. तू दिवाळीत शिकवलंस तसंच केलंय. मोबाइलला हा दिसतोय."

"मग पाठव म्हण. काय येतंय?"

"फिरतंय… फिरतंय… गेलं नाही म्हणतोय रे."

मोबाइल बंद करून चालू झाला. वायफायचा डबा बंद करून चालू झाला. मोबाइल माझ्या अगदी जवळ आणून ठेवला, मधला स्टीलचा डबाही हलवला. रोज दुपारी तोच उद्योग, आणि रोज मोबाइल म्हणे, गेलं नाही.

आता खरं काय होत होतं ते ऐका. मोबाइलची फाइल माझ्या दारापर्यंत नीट येत होती. पण परक्याची वस्तू न विचारता घ्यायची नाही, ही माझी रीत. मी स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात विचारत होतो, 'फाइल येत आहे, घ्यायची का?' कुणी 'हो' दाबलं की झालं! पण सुलभाताई सगळी तयारी करत, सुधाकररावांच्या नियमाप्रमाणे स्क्रीन बंद करत, वरून खोळ घालत, आणि मगच मोबाइलवर 'पाठव' दाबत. मी काळोखात विचारत राही. थोडा वेळ वाट पाहून माझा प्रश्न आपोआप पुसला जाई. ओरडावंसं वाटे हो, पण मला कुठलं तोंड?

एके दिवशी त्यांनी खोळीवरूनच मला थोपटलं. "तूही बोलायचा बंद झालास ना रे?" मला इतकं वाईट वाटलं! मी तर केव्हाचा बोलत होतो.

"आई, तो खटारा काढून टाक, मी नवा लॅपटॉप पाठवतो," परीक्षित म्हणाला. म्हणून अशोका गार्डनचा जावेद आला. जुनी यंत्रं विकत घेतो तो. बेल वाजली तेव्हा सुलभाताईंनी नुकतंच आणखी एकदा, शेवटचं म्हणून, 'पाठव' दाबलं होतं. मोबाइल हातात घेऊनच त्यांनी दार उघडलं.

जावेदने सरळ माझी खोळ ओढली. "अम्मा, चालू है कि डब्बा हो गया?" आणि स्क्रीनचं बटण दाबलं. मी उजळलो. "लो, ये तो कुछ पूछ रिया है!"

"क्या पूछ रहा है?" सुलभाताईंनी घाईघाईने चष्मा लावला. वाचलं. "अगंबाई! हा विचारत होता होय!" आणि त्यांनी 'हो' दाबलं.

एकेक करून सगळे गुरुवार माझ्यात आले. शेवटचा आला तसा त्यांनी तो लावला. टाळ वाजले, मनोरमाताईंचा चढा सूर लागला, भजन संपलं आणि माझ्या छोट्या स्पीकरांतून हाक आली, "झालं का गं तुमचं? किती कप टाकू?"

जावेद चपापला. स्वयंपाकघराकडे बघत दबक्या आवाजात म्हणाला, "अम्मा, साहब घर में हैं क्या?"

सुलभाताईंचे डोळे भरून वाहत होते आणि त्या हसतही होत्या. "हाँ भैया," त्या म्हणाल्या, "अभी-अभी आए हैं. बैठो, चाय पीके जाओ."

जावेद चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. मी इथेच आहे. घर तसंच शांत आहे, जिन्यात कुणाची पावलं वाजत नाहीत. पण गुरुवारी दुपारी माझी खोळ निघते, ती हाक ऐकू येते, आणि सुलभाताई उत्तर देतात, "एकच टाका."

मित्रांनो, आम्हा जुन्यांना धुळीपासून जपता, त्याबद्दल आभारी आहोत. पण मधूनमधून खोळ उचलून बघत जा. आम्ही कदाचित तुम्हालाच काहीतरी विचारत असू.