देवीची तहान

मंगळवार असल्यामुळे कळमखेडच्या मरीमायच्या ओट्याजवळ उभं राहायलाही जागा उरली नव्हती. दर्यापूरहून येणाऱ्या काळीपिवळी जीपच्या टपावरसुद्धा माणसं बसून आली होती. ढोल-टाळांचा असा गजर चालला होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. या गर्दीच्या मधोमध चंदन महाराज बसला होता. अंगावर भगवी लुंगी, गळ्यात कवड्यांची माळ आणि मनगटावर पोळपाटाएवढं सोनेरी घड्याळ.

त्याच्या पुढ्यात चौरंग, चौरंगावर पितळेचा मोठा कटोरा आणि कटोऱ्यात वीतभर उंचीची देवीची मूर्ती उभी. दुखणेकऱ्यानं तांब्याला हात लावायचा, मग महाराज त्यातलं पाणी हळूहळू कटोऱ्यात ओतायचा. पाणी देवीच्या पायावर चढे, गुडघ्यावर चढे, कमरेला लागे आणि तिथून आपोआप उतरू लागे. बघता बघता कटोरा कोरडा!

"पिली! देवी पिली!" महाराज ओरडला. "शुगर पिली, मुळव्याध पिली, कोर्टातली तारीख पिली! डॉक्टर सुई टोचते, देवी घोट घेते. सुई दुखते, घोट दुखते का?"

"नाई दुखत!" गर्दीनं आरोळी दिली.

ज्याचं पाणी देवी घेत नसे, त्याची बाधा मोठी. त्यानं पुढच्या मंगळवारी पूजेचं जास्त सामान घेऊन यायचं.

गर्दीच्या कडेला शैला उभी होती. दर्यापूरच्या अध्यापक विद्यालयात ती विज्ञान शिकवायची. पुढे प्राथमिक शाळेत मास्तर-मास्तरीण व्हायचं असलेली पोरं-पोरी तिच्या वर्गात बसत. त्यातलीच एक प्राजक्ता, याच गावची. तिनंच मॅडमना आग्रह करून आणलं होतं. "तुमी रोज म्हणता न, आधी डोळ्यानं पाहा? मंग चाला, पाहा."

प्राजक्ताचे वडील खुशालराव अभिमानानं सांगत होते, "मांगच्या पावसाळ्यात आमच्या नत्थुजीले पान लागलं होतं." साप चावला असं गावात कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. "देवीनं सारं विष पिलं. माणूस हिंडून राहिला अजून. मंग याले काय म्हनसान तुमी?"

पाणी प्रत्येक वेळी नेमकं कमरेशीच उलटतं, हे शैलानं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. पण उत्तर सांगायचं नाही, हा तिचा नेम होता.

नोकरीला लागली तेव्हा या विद्यालयात प्रयोगाचं कपाट कुलूपबंद असे आणि पोरं गाइडमधून निष्कर्ष आधी उतरवून घेत. कुलूप तिनं काढलं. पण आता वर्गच रिकामा होत चालला होता. शिक्षकांची भरती नाही म्हणून पोरं येत नव्हती, आणि पुढच्या वर्षापासून नवे प्रवेश बंद असं संस्थेनं कळवलं होतं. उरलेल्या पोरांपुढे तिनं दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या बाटल्या, नळ्या, मेण असं सामान मांडलं आणि विचारलं, "देवीनं पाणी कसं प्यायलं असेल?"

"मॅडम, सांगून टाका न," नितेश वैतागला. "भरती निघत नाई, कॉलेज बंद होऊन राहिलं, अन् आमी इथं पाणी भरत बसलो. पेपरले येते का हे?"

"मी सांगितलं तर तू माझ्यावर विश्वास ठेवशील. मग महाराजात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

नितेशनं बाटली कापून तळाला भोक पाडलं. पाणी पहिल्या थेंबापासूनच गळायला लागलं.

"महाराजाचं असं होते का?" प्राजक्ता म्हणाली. "त्याचं कमरेपर्यंत टिकते. भोक वर हाये."

"भोक वर असेल तर वरचंच पाणी जाईल," शैला म्हणाली. "तळाचं कसं गेलं?"

इथं सगळे अडले. कुणी कापसाची वात लावून पाहिली, कुणी स्पंज. शैला बाकांमधून फिरत राहिली. जिभेवर आलेलं उत्तर तिनं गिळलं.

शेवटी उत्तर सापडलं ते प्राजक्ताच्याच घरी. वडील ड्रममधून डिझेल काढत होते. नळीला एकदा तोंडानं ओढ दिली की डिझेल नळीतून काठावर चढायचं आणि खालच्या कॅनमध्ये आपोआप पडत राहायचं. दुसऱ्या दिवशी तिनं कूलरची नळी आणली आणि वाकवून बाटलीत बसवली. एक तोंड तळाशी, मधला वाक वर, दुसरं तोंड बुडातून बाहेर. नळीभोवतीची फट मेणानं बुजवली. पाणी वाकापर्यंत चढलं तोवर थेंबही गळला नाही. वाकावरून गेलं, नळी भरली, आणि बाटली भडाभडा रिकामी झाली.

वर्गात ओरडा झाला. "देवी पिली!" नितेश नाचू लागला. प्राजक्ता पुन्हा पुन्हा पाणी ओतत होती, हसत होती.

"चौथीच्या पोरांना हे कसं सांगशील?" शैलानं विचारलं.

"सांगनारच नाई मॅडम. त्याइलेच करू देईन."

त्या दिवशी घरी जाताना अकोल्याच्या बसमध्ये शैला कधी नव्हे ती गुणगुणत बसली.

भादव्यात प्राजक्ता वर्गात यायची थांबली. तिची आई मैनाबाई गेली, असं नितेश सांगत आला. शैला त्याच्याबरोबर कळमखेडला गेली. प्राजक्ता ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. विचारलं नाही तरी बोलू लागली.

"आई सोयाबीन निंदाले गेली होती. पान लागलं. पाय सुजून राहिला होता. मी मोबाईल हातात घेतला, गाडी बोलवाले. बाबा म्हनले, आधी ओट्यावर, दोन मिन्टाचं काम हाये. मले माहीत होतं मॅडम. नळी कुठं वाकते तेही माहीत होतं. पन आई माह्याकडे पाहून राहिली होती. माह्या मनात आलं, खरं असलं तं? एवढे लोक खोटे कसे असतीन? मी मोबाईल ठेवून देला."

"मग?"

"देवीनं पाणी पिलं. आई हासली. घरी आनलं, चहा पिली. मंग हिरड्यातून रक्त याले लागलं. उशीर झाला म्हनून दर्यापूरहून अमरावतीले धाडलं, त्या रस्त्यावरच गेली. डॉक्टर म्हनले, घोणस होती. इंजेक्शन तं दर्यापूरच्याच दवाखान्यात होतं."

नळीतलं पाणी कसं चढतं हे या पोरीला शैला शिकवू शकली होती. आईची नजर आपल्यावर खिळलेली असताना त्या शिकलेल्यावर उभं कसं राहायचं, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

तेरवी झाल्यावरच्या मंगळवारी प्राजक्ता बाटली घेऊन ओट्यावर चढली. मागे नितेश आणि शैला. तिनं पाणी ओतलं आणि सगळ्यांसमोर बाटली रिकामी झाली. टाळ थांबले.

"बिचारीचं डोकं फिरलं," महाराज हळहळला. "आईचं दुःख हाये. देवी, क्षमा कर लेकराले!"

तेवढ्यात नितेशनं कटोरा उचलला. मूर्ती आतून पोकळ होती. तिच्यात वाकवलेली नळी होती, आणि नळीचं खालचं तोंड चौरंगातल्या भोकात उतरत होतं. चौरंगाच्या पोटात पत्र्याचा डबा, आवाज होऊ नये म्हणून त्यात ओला स्पंज. नितेशनं डबा उलटा केला. सगळ्यांची दुखणी ओट्यावरून वाहून गेली.

"पाणी कमरेवर नेलं की देवी पिते," प्राजक्ता म्हणाली. "हात आधीच थांबवला की पीत नाई. सारं यायच्या हातात हाये."

गर्दीतून नत्थुजी पुढे आला. "मंग मी कसा वाचलो?"

"तुम्हाला बिनविषारी साप चावला असेल, नत्थुजी," शैला म्हणाली. "बहुतेक साप बिनविषारीच असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. तुम्ही घरी झोपून राहिला असता तरी वाचला असता. वाचलेला माणूस इथं नारळ फोडायला येतो. गेलेला तक्रार करायला येतो का?"

शैला दर्यापूरच्या पोलीस ठाण्यात गेली. तिथला अधिकारी भला होता. जादूटोणाविरोधी कायदा आहे म्हणाला, दवाखान्यात जाण्यापासून कुणी अडवलं असं घरच्यांनी सांगितलं तर गुन्हा नोंदवतो. शैला खुशालरावांकडे गेली. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"विष जास्त होतं मॅडम. देवीच्यानं जेवढं झालं तेवढं तिनं पिलं."

"खुशालराव, तुम्ही डबा पाहिलात."

"पाह्यला." त्यांचे डोळे भरून आले. "पन तिले मीच नेलं होतं ओट्यावर. डबा खरा असन तं मंग तिले कोनं मारलं? सांगा न."

प्राजक्ता आतल्या दारात उभी होती. ती बाहेर येऊन बाबांजवळ बसली. तक्रार द्यायला ठाण्यात मग कुणीच गेलं नाही.

महाराज कळमखेडहून निघाला आणि तेल्हाऱ्याकडे जाऊन बसला. नवा चौरंग केला, या वेळी सिमेंटचा, उचलता न येणारा. कळमखेडची माणसंही जीप करून तिकडे जाऊ लागली. डब्याचं विचारलं तर म्हणायची, "ते यंत्र असन, पन शक्ती त्यायची हाये न." उन्हाळ्यात अध्यापक विद्यालयाला कुलूप लागलं. बाटल्या आणि नळ्या भंगारात गेल्या. नितेश पुण्याला एका गोदामात कामाला लागला.

प्राजक्ताला शाळा मिळाली नाही. मंगळवारी ती तेल्हाऱ्याला जाते. कधी शैला सोबत असते, कधी नसते. रांगेच्या बाजूला प्राजक्ता बाटली मांडते आणि ज्याला-त्याला म्हणते, "माह्यावर विश्वास नोका ठेवू. हे घ्या, तुमीच पाणी वता." बहुतेक जण मान वळवतात. एक-दोघांनी बाटली लाथाडली.

मागच्या खेपेला एक बाई थांबली. कडेवर तापानं फणफणलेलं पोर होतं. तिनं स्वतःच्या हातानं पाणी ओतलं, ते जाताना पाहिलं, वाकून नळीही पाहिली.

"खरंच वो बाई," ती म्हणाली. "यात तं काईच नाई."

तेवढ्यात रांग सरकली. बाईनं पोराला सावरलं आणि तीही पुढे सरकली.

प्राजक्ता तिच्या बाजूनं चालू लागली. "मावशी, देवीले नोको मानू असं मी म्हनत नाई. पन आधी दवाखान्यात जा. लेकराले दाखव. मंग ये इथं, बस दिवसभर. देवी कुठं पळून नाई चालली."

बाईनं तिच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि पुढच्या माणसाच्या पाठीला लागून उभी राहिली. प्राजक्ता तेच पुन्हा सांगत तिच्याबरोबर ओट्याच्या पायरीपर्यंत गेली.