बुजवलेल्या विहिरीवरचा खांब

मी एक जुना ब्रेकर आहे, मित्रांनो. खोदणाऱ्या यंत्राच्या हाताला जोडतात ना, ती जाडजूड लोखंडी पहार. घाव घालणे, फोडणे, चुरा करणे, एवढेच मला येते. पहिल्याच दिवशी मी डोंगराचा अख्खा कडा पाडला, तेव्हा माझ्या चालकाने, म्हणजे दादाने, माझ्या पाठीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या!" त्या शाबासकीने मी फुगून गेलो.

पुढे आम्ही एका उड्डाणपुलाच्या कामावर आलो. दादाचा धाकटा भाऊही तिथेच होता. जमिनीला भोक पाडून खाली खडक किती खोल आहे, हे तपासायचे त्याचे काम. आईबापांमागे दादानेच त्याला वाढवले होते. त्याच्यावर दादाचा भारी जीव!

पाचव्या खांबाच्या जागी एका इस्त्रीवाल्या मावशीचे घर होते. धाकटा तपासायला गेला, तर तिने निखाऱ्यांची इस्त्री उगारली. "पाऊल टाकलंस तर तोंड भाजीन!" तो घाबरला. त्याने तीस पावले लांब, मोकळ्या मैदानात भोक पाडले. तिथे पंधरा फुटांवर खडक लागला. तोच आकडा त्याने पाचव्या खांबाच्या नावावर ठोकून दिला. कामावरच्या साहेबांनी काही विचारले नाही, कारण उद्घाटनाची तारीख आधीच जाहीर झाली होती.

मग पोलीस आले. त्यांनी मावशीला फरफटत बाहेर काढले आणि मी तिच्या भिंतींवर तुटून पडलो. "मेल्यांनो, खाली बुजवलेली विहीर आहे!" ती ऊर बडवत ओरडत होती. साहेब हसले. "घर वाचवायला बाई काहीही बोलतेय." धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला, तरी तो गप्प बसला. त्याचा मला आजही संताप येतो.

पंधरा फुटांच्या पायावर खांब उभा राहिला आणि विहिरीच्या भरावात खचून चार महिन्यांत कलला. तो पाडा, नवा बांधा, तोवर रस्ता बंद. पुलाचा खर्च दुप्पट झाला. कंत्राटदाराने साहेबांची गचांडी धरली, साहेबांनी त्याच्या कानाखाली वाजवली. पाडायला अर्थात मलाच बोलावले.

धडाड! धडाड! सळया तुटून उसळत होत्या. तेवढ्यात धाकटा धावत खांबाखाली आला. "दादा, थांब! इथे मी भोक पाडलंच नव्हतं. चूक माझी आहे!" दादा थांबला, पण फुटलेले काँक्रीट थांबले नाही. एक तुकडा धाकट्याच्या पायावर कोसळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वर त्याहून मोठा तुकडा लोंबकळत होता.

दादाने मला त्या तुकड्याखाली घातले. जन्मात पहिल्यांदा मला घाव घालायचा नव्हता, नुसते धरून ठेवायचे होते. माझे टोक वाकू लागले. "धर रे बाबा, धर!" दादा रडत होता. मी धरले. रस्त्यापलीकडे ताडपत्रीखाली राहणारी मावशी धावली आणि तिने धाकट्याला काखेत हात घालून बाहेर ओढले. "ऐकलं असतंत तर पाय वाचला असता रे, मुडद्या!" त्याला छातीशी धरून ती हमसाहमशी रडली.

पाय गुडघ्यापासून कापावा लागला. मी वाकडा झालो, म्हणून भंगारात पडलो. पुलाच्या अहवालात खर्च वाढल्याचे कारण लिहिले आहे, लोखंड महागले. घ्या! म्हणजे दोष आमच्याच जातभाईंचा!

मित्रांनो, उद्या तुम्ही पूल बांधाल. जमिनीला भोक पाडण्याआधी तिच्यावर राहणाऱ्या माणसाला विचारा. आणि चुकलात, तर लगेच सांगा. नंतर ती चूक फोडायला माझ्यासारखा कुणीतरी लागतो, आणि घाव घालताना खाली कोण उभे आहे, हे मला कळत नाही.