मास्तर पायाने ऐकायचे

खुर्चीवर ठेवला तर घरंगळून खाली पडेल, एवढ्या अंगाचा मी एक जुना ड्रम आहे. मित्रांनो, ड्रम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काठ्या नाचवणारे हात येतात. माझ्या वाट्याला हात कधी आलेच नाहीत. मी जमिनीवर टेकून असतो आणि वाजवणारा मला पायाने वाजवतो. माझ्यापुढे एक पॅडल असतं, पॅडलला दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, गोळा असतो. पाय दाबला की तो गोळा माझ्या पोटावर येऊन आदळतो. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. शिलाई मशीनही पायानेच चालतं.

माझं लाकूड वाफेवर मऊ करून गोल वाकवलेलं आहे. वाकवणारा कारागीर कामाच्या वेळी एक अक्षर बोलत नसे. त्यामुळे माझ्या जन्माबद्दल मला यापलीकडे काही सांगता येत नाही. पुढे मी एका नाचाच्या हॉलमध्ये गेलो. लोक नाचत, घाम पुसत आणि माझ्याकडे न बघता घरी जात. मग तो हॉल बंद पडला आणि तिथे फर्निचरचं दुकान आलं. मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्या डोक्यावर रंगाचे डबे रचले.

एक दिवस आगीचे बंब चालवणारा एक माणूस त्या दुकानाची तपासणी करायला आला. आग विझवायच्या नळकांड्या बघता बघता त्याला मी दिसलो. त्याने डबे उतरवले, माझ्यावर टिचकी मारली आणि मालकाला म्हणाला, "हे जळायला ठेवलंय की वाजवायला?" मालक म्हणाला, "घेऊन जा एकदाचं." हेच आपले काका. त्यांना सगळे काकाच म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा.

काका मला घेऊन एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर आले. माडीची जमीन लाकडी फळ्यांची होती. खाली कापड बेतायचं टेबल, इस्त्री आणि मुंडकं नसलेले पुतळे होते. वर एक पियानो होता आणि मास्तर होते. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. दिवसभर ते दुसऱ्यांच्या खांद्यांची मापं घेत आणि संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवत. पियानोवर त्यांची थोरली बहीण, अक्का, बसे. अक्का शाळेत शिकवत असे. लग्न तिने केलं नव्हतं आणि मास्तरांची बायको लवकर गेली होती, म्हणून बहीणभाऊ त्याच माडीवर राहत. चौथा होता लंबू. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा आणि त्याच्याहून उंच असं एक तारांचं वाद्य उभं धरून वाजवायचा. दाराच्या चौकटीवर वाद्याचं डोकं आपटू नये म्हणून तो स्वतःचं आपटून घेई.

हे चौघे जॅझ वाजवत. जॅझमध्ये गाणं ठरलेलं असतं, पण त्यातून वाट ज्याने त्याने आपापली काढायची असते. सगळे आपापल्या वाटेने भटकून पुन्हा एका जागी भेटतात. ती जागा कुठे आहे, हे मी सांगायचो. काका माझ्यावर हलकासा पाय ठेवत. ऐकणाऱ्यांना मी वेगळा ऐकूही येत नसे. फळ्यांना मात्र मी कळत असे.

काही वर्षांनी मास्तर चुकू लागले. एखाद्या वेळी ते ठरल्या जागी येत नसत, पुढे निघून जात. काकांनी ते पाहिलं. तेव्हापासून त्यांचा पाय माझ्यावर थोडा घट्ट पडू लागला. त्याच सुमाराला मास्तरांनी डाव्या पायातला बूट काढून माझ्याजवळ उभं राहायला सुरुवात केली. मोज्यातला पाय फळीवर सपाट टेकलेला असे. लंबूने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "गरम होतं रे." लंबूला ते पटलं. लंबूला बहुतेक सगळं पटत असे.

अक्कालाही कळलं नाही, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण शाळेत जन्म गेल्यामुळे तिचा आवाज असा होता की रस्त्यावरच्या माणसालाही आज घरात काय शिजलंय ते कळावं. तिचं बोलणं मास्तरांना ऐकू येत होतं. इतरांचं येत नव्हतं.

अक्का शाळेतून निवृत्त होणार होती. निरोपाचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात ठरला आणि त्यात आमच्या बँडने वाजवायचं, असंही ठरलं. मास्तरांनी बहिणीसाठी एक संथ गत, एक धून, स्वतः रचली होती. बहिणीचं कौतुक तोंडाने करणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. जे काही म्हणायचं होतं ते त्या गतीत होतं. ती शेवटी वाजणार होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी काका ओल्या पायरीवरून घसरले. आयुष्यभर शिड्या चढले आणि स्वतःच्या घराच्या पायरीने दगा दिला. उजव्या पायाचा घोटा मोडला. म्हणजे नेमका माझा पाय.

माडीवर पळापळ झाली. लंबूने फोन लावला.

"वहिनी, मी बोलतोय. हात जोडतो, नाही म्हणू नका... नाही हो, पैसे नकोत. आज संध्याकाळी ड्रम वाजवायला याल का?"

लंबूच्या वहिनी लिफ्ट दुरुस्त करत. लग्नाआधी त्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायच्या. मग नोकरी आली, मुलगी झाली, आणि काठ्या माळ्यावर गेल्या. कामावरून सुटून, वाटेत घरून काठ्या उचलून त्या तशाच सभागृहात आल्या. खांद्याला हत्यारांची पिशवी, बोटांना ग्रीस आणि बगलेत काठ्या.

"भाऊजी, मी जॅझ कधी वाजवलेलं नाही, हं. आमच्याकडे नुसती धडामधूम होती."

"वहिनी, फक्त हळू वाजवा. बाकी आम्ही बघतो."

वहिनींचा आवाज मुळातच बारीक. त्या मास्तरांजवळ जाऊन म्हणाल्या, "मास्तर, कितपत जोरात वाजवू?"

मास्तर मान डोलावून म्हणाले, "सहा वाजता."

मोठ्या कलावंतांचं असंच असतं, असं समजून वहिनी माझ्यामागे येऊन बसल्या.

पडदा उघडला. समोर अक्काचे जुने विद्यार्थी होते. त्यातले काही टक्कल पडलेले, पण तिने नजर फिरवली की अजून सरळ बसणारे. वहिनींचे हात चांगले होते. झांजेवर त्या इतक्या नाजूक वाजवत होत्या की लंबूच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. पण मोठा आवाज होईल या भीतीने त्यांनी पाय माझ्यापासून दूर ठेवला होता. मी गप्प होतो.

डावा बूट काढून लाकडी रंगमंचावर माझ्याजवळ उभे असलेले मास्तर पहिल्याच गाण्यात एक ठोका आधी आले. अक्काने सावरून घेतलं. दुसऱ्या गाण्यात ते वाट चुकले ते परत आलेच नाहीत. मास्तर वळले आणि वहिनींच्या पायाकडे बघू लागले. डोळे मोठे करून, एकटक. वहिनींना वाटलं, आपला पाय लागतोय म्हणून रागावले. त्यांनी पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवला. मास्तरांच्या मोज्याखाली काही थरथरण्याची आशाही आता उरली नाही. तिसरं गाणं कसंबसं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या शिस्तीच्या टाळ्या होत्या.

मध्यंतरासाठी पडदा पडला आणि अक्का उठली.

"बाई, तुम्हाला ठेका धरता येत नाही का? तो बिचारा शोधतोय तुम्हाला! नसेल येत तर तसं सांगायचं होतं. आम्ही ड्रमशिवाय वाजवलं असतं."

वहिनींचे कान लाल झाले. लंबू वाद्याच्या मागे गेला, पण तिथे त्याचं डोकं झाकलं जात नव्हतं. आणि मास्तर? मास्तर हे सगळं बघत उभे होते. अक्काचं बोलणं त्यांना नीट ऐकू आलं होतं. ते खाली वाकले, उजव्या पायातल्या बुटाची नाडी सारखी केली आणि दुसरा बूट तिथेच विसरून बाहेर गेले. मी जे पाहिलं ते सांगतो आहे.

अक्का आणि लंबूही गेले. वहिनी एकट्या बसून राहिल्या. काठ्या पिशवीत टाकून त्या उठणारच होत्या, तेवढ्यात त्यांची नजर माझ्याजवळ पडलेल्या बुटाकडे गेली. एकच बूट. त्यांनी तो उचलला, बघितला आणि होता तिथे ठेवला. मग तळहात फळीवर टेकवला, पायाने पॅडल एकदा दाबलं आणि फोन लावला.

"काका, मी लंबूची वहिनी. तुमच्या जागी आलेय. एक विचारू? मास्तरांना ऐकू येत नाही का?"

काका जन्मभर बंबाच्या घंटेच्या वरताण ओरडलेले. फोनमधला त्यांचा आवाज मलाही स्पष्ट आला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. लिफ्टची मोटर वर गच्चीत असते आणि आम्ही खाली असतो. ऐकू येत नसलं की आम्हीही असाच फरशीला हातपाय लावून अंदाज घेतो."

"हे बघ पोरी," काका म्हणाले, "पाय दे. सबंध पाय दे. लोकांना ऐकू जायला नको, फळीला कळलं पाहिजे. आणि कुणाजवळ बोलू नकोस."

"तुम्ही बोललात कधी त्यांच्याशी?"

"त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी त्यांना विचारलं नाही. चालतंय ना?"

"चालत नाहीये, काका," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

पडदा पुन्हा उघडला. मास्तर आले आणि सवयीने पाय फळीवर टेकला. वहिनींनी मला माझ्या जागेवरून थोडं त्यांच्याकडे सरकवलं. मग अक्काने त्या संथ गतीचे पहिले सूर वाजवले आणि वहिनींचा पाय माझ्यावर आला. हलका, पण सबंध. मी आयुष्यात बरेच पाय पाहिले आहेत. हा पाय घाबरलेला होता, तरी एकदाही डळमळला नाही.

मास्तरांचे खांदे खाली आले. त्यांनी डोळे मिटले आणि सॅक्सोफोन तोंडाला लावला.

गत कशी होती, हे मला शब्दांत सांगता येत नाही. मी ठोका देणारा आहे. पण शेवटच्या सुरानंतर अक्काचे हात पियानोच्या पट्ट्यांवर तसेच राहिले, एवढं मी पाहिलं. मग टाळ्यांचा जो गडगडाट झाला तो मास्तरांनाही कळला असावा, कारण त्यांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं.

पडदा पडल्यावर अक्का डोळे पुसत वहिनींकडे आली. "आता कसं जमलं? मग आधी काय झालं होतं?"

वहिनींनी मास्तरांकडे बघितलं. मग त्या अगदी सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "आधी माझाच पाय चुकत होता."

हे शब्द मास्तरांनी पाहिले. ऐकले नाहीत, पाहिले. ते पुढे आले. त्यांच्या एका पायात बूट होता, एका पायात मोजा.

"अक्का, तिचा पाय चुकत नव्हता. मला ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"बरंचसं. तिचं बोलणं नाही. लंबूचं नाही. तुझा पियानो गेल्या वर्षीपासून नाही."

अक्काचा डोळे पुसणारा हात खाली आला.

"आणि मी तुला हट्टी समजत होते," ती म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता.

"काय?" मास्तरांनी विचारलं.

ती हसली आणि मग रडली. मास्तर वहिनींकडे वळले. "मघाशी अक्का तुम्हाला बोलली तेव्हा मी मध्ये पडायला हवं होतं. भ्यालो. बँड सुटेल असं वाटलं."

"असू दे, मास्तर," वहिनी म्हणाल्या. ते त्यांना ऐकू आलं नाही. लंबूने ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अक्का डबा घेऊन दवाखान्यात गेली. काकांना तिने आधी जेवू घातलं आणि मग फैलावर घेतलं, असं लंबू सांगत होता. "सांभाळून घेतलंत म्हणून उपकार आहेत," असं ती म्हणाली म्हणे, "पण मला सांगितलं असतंत तर मी त्याला दोन वर्षं उगाच रागावले नसते."

काकांचा घोटा पॅडलवर परत आला नाही. बदली म्हणून एका संध्याकाळी आलेल्या वहिनी कायमच्या राहिल्या. काका बाजूला खुर्ची टाकून बसत आणि त्यांच्या चुका काढत. मास्तरांनी कानाला यंत्र लावलं. त्यातून सॅक्सोफोन डबा बडवल्यासारखा ऐकू येतो, म्हणून वाजवताना ते काढून खिशात ठेवत. असं काही वर्षं चाललं. मग लंबूने दुसऱ्या गावात काम धरलं, काका गेले, मास्तरांचा दम कमी पडू लागला. बँड मोडला असं कुणी म्हणालं नाही. एका आठवड्यात कुणी आलं नाही, पुढच्याही आठवड्यात नाही. माझ्यावर पुन्हा सामान साचू लागलं. एका जड पेटीने माझं पुढचं कातडं फाटलं.

आता मास्तरांना यंत्रानेही ऐकू येत नाही आणि अक्काचा आवाज थकला आहे. मध्यंतरी तिने वहिनींना बोलावून माझ्यावरचं सामान उतरवून घेतलं. वहिनींनी नवं कातडं बसवलं, पॅडलला तेल दिलं आणि मला स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. जेवण तयार झालं की अक्का चपलेसकट पॅडलवर पाय देते. फळ्या थरथरतात आणि पलीकडच्या खोलीतून मास्तर येतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंवर ओझी ठेवू नका, एवढंच सांगायचं असतं तर मी इतका बोललो नसतो. जवळचं माणूस पुन्हा पुन्हा चुकायला लागलं, तर त्याला रागावू नका आणि गुपचूप सावरूनही घेऊ नका. त्याला विचारा. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारा.

आज दुपारीही मास्तर आले, पाटावर बसले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अक्का, लय धर जरा. जेवायला बोलावतेस की घर पाडतेस?"

अक्का त्यांच्या ताटात वाढत राहिली आणि तिने उत्तरादाखल पॅडल आणखी एकदा दाबलं.