बर्फावरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण म्हणून माझी कीव करायला येऊ नका. फ्रीसलंड नावाच्या थंड, कालव्यांच्या प्रांतातल्या एका गावात, कालव्याकाठच्या स्वयंपाकघरात मी उभा जन्म काढला. माझ्यावर बसून लोकांनी बटाटे सोलले, वाटाण्याचे दाट सूप ओरपले, एकमेकांची उणीदुणी काढली. पण माझे खरे काम हिवाळ्यातले. कालवा गोठला की मला उचलून बर्फावर ठेवत. मग पायात स्केट बांधलेले एखादे पोर माझी पाठ घट्ट धरून मला ढकलत पुढे जाई. आमच्याकडे स्केटिंग असेच शिकतात.

त्या घरातली हिस्के माझ्याच आधाराने शिकली. ढकलून ढकलून माझे मागचे पाय झिजले आणि मी जरा मागे कलून उभी राहू लागले. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

पुढे हिस्के नावाजलेली कलावंत झाली. शहरातल्या संग्रहालयात तिने आपल्या बालपणाचे प्रदर्शन मांडले आणि मला पांढऱ्या काचेच्या चौथऱ्यावर चढवले. भोवती दोरी, शेजारी पाटी: हात लावू नये. तिथल्या मंडळींनी तर कहरच केला. मी तिरकी दिसते म्हणून झिजलेल्या पायांखाली लाकडाचे तुकडे सरकवून मला ताठ केले! लोक येत, मान कलती करून "काय ते दिवस!" म्हणत आणि निघून जात. माझ्या अंगाची नुसती लाही होई. मी काय मेले होते?

आणि नेमका त्याच हिवाळ्यात, कित्येक वर्षांनी, कालवा गोठला. गावेच्या गावे बर्फावर उतरली. हिस्केची नऊ वर्षांची मुलगी यिल्डाऊ असा बर्फ जन्मात पहिल्यांदाच पाहत होती. गळ्यात स्केट अडकवून ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मला ही हवी."

"अगं, ती आता प्रदर्शनात आहे. तुला दुकानातून नवा आधार आणू."

"तू हिलाच धरून शिकलीस ना?"

"हो. पण मोडली तर?"

"आणि परवा बर्फ वितळला तर? तुझं लहानपण बघायला सगळे येतात. माझं आत्ता चालू आहे, त्याचं काय?"

हिस्केने दोरी ओलांडली.

संग्रहालयाचे प्रमुख रिंट्स धावत आले. "हिस्के, वेड लागलंय का तुला? रविवारी पाहुणे यायचेत. त्यांना काय मोकळा चौथरा दाखवू?"

"दाखवा की. कुणी विचारलंच तर सांगा, खुर्ची कामावर गेलीय." तिने ते लाकडाचे तुकडे त्यांच्या हातात ठेवले आणि मला उचलले.

बर्फावर टेकताच माझे पाय करकरले. किती बरे वाटले म्हणून सांगू! यिल्डाऊ पडली, उठली, पुन्हा पडली. कालव्याच्या मध्यावर एका भेगेत माझा पुढचा पाय अडकला आणि कडकन मोडला. मी आडवी झाले. काठावरून हिस्के ओरडली, "थांब, मी येते!"

पण पोरगी थांबते कसली! धरायला काही उरले नव्हते, म्हणून तिने हात पसरले आणि वेडीवाकडी का होईना, काठापर्यंत एकटी गेली. माझ्याकडे तिने वळूनही पाहिले नाही. तेव्हा मला जो आनंद झाला, तो त्या चौथऱ्यावर एक दिवसही झाला नव्हता.

आमच्या मागोमाग कालव्यावर आलेल्या रिंट्सनी मोडलेला पाय हातात घेऊन पाहिला. "अशी मोडकी तर आणखीच छान दिसेल," ते म्हणाले.

"दिसेल. पण चालणार नाही," हिस्के म्हणाली आणि मला सुताराकडे घेऊन गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना झिजू द्या. मोडलेला पाय सुतार बसवून देतो. दोरीबाहेर उभे राहून मात्र आजवर कुणी स्केटिंग शिकलेले नाही.